निंदणातली भाजी

नागपुरात 'सांबार' मागितला की कोथिंबीर मिळते. बाहेरून आलेला माणूस आधी हसतो, मग सांबारवडी खातो आणि हसायचा थांबतो. अळूला आमच्याकडे धोपा म्हणतात, शेवग्याला मुनगा, हादग्याच्या फुलांना हेटीची फुलं. तांदुळजा मागितला तर बुधवारी बाजारातली काकू तोंडाकडे बघत राहते. चवळाई म्हटलं की लगेच जुडी पुढे करते. उन्हाळ्यात चिवळ येते. बारीक, गुबगुबीत पानांची, किंचित आंबट, आणि निवडायला इतकी किचकट की ती घरात आली की आईच्या कपाळावर आठी आणि बाबांच्या चेहऱ्यावर आनंद एकाच वेळी दिसतो. पावसाळ्यात तरोटा, कुंजर, केना, फांद. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे, करडई, चाकवत, आणि भंडारा-गोंदियाकडे लाखोळीची भाजी. अंबाडी तर ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल ओतून खायची असते. ती ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

या सगळ्या 'पालेभाज्या'. पण त्यांच्यात एक भेद आहे, जो बाजारात जुडी बांधून समोर आली की दिसत नाही. पालक, मेथी, शेपू, सांबार हे कुणीतरी पेरलेले असतात. हरभरा आणि करडई पेरलेली असते ती दाण्यासाठी, पाला हा मधल्यामध्ये मिळालेला फायदा. आणि तरोटा, कुंजर, केना, चाकवत यांना बहुतेक वेळा कुणीच पेरलेलं नसतं. त्या उगवतात. दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्याच्या पिकाच्या वाट्याचं पाणी आणि खत खाऊन उगवतात. बाजारात त्यांना भाजी म्हणतात, वावरात तण म्हणतात. मधे फक्त एक बाई असते, जी वाकून ते उपटते आणि ओच्यात टाकते.

ती भाजी कुणाची, हा माझा प्रश्न आहे. ज्याचं वावर त्याची, जिने उपटली तिची, की कुणाचीच नाही? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. एका जुडीमुळे पडला, आणि त्या जुडीबद्दल मी एकदा खोटं बोललो आहे.

आमचं पाच एकर वावर उमरेडच्या पुढे आहे. मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, पण 2021 च्या पावसाळ्यात ऑफिस घरूनच चालू होतं. नागपूरच्या फ्लॅटमध्ये कंटाळा आला म्हणून मी गावी जाऊन बसलो होतो. माळ्यावर एका कोपऱ्यात नेटवर्क यायचं. तिथे टेबल टाकलं होतं, खिडकीतून अंगण आणि उकिरडा दिसायचा.

त्या वर्षी बाबांच्या सोयाबीनचा हिशेब मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये मांडला. दोन निंदणं, एकरी साधारण सात बायांचा रोज, रोजाचे दोनशे रुपये. म्हणजे चौदा हजार. त्यातही बाया वेळेवर मिळतील याची खात्री नाही, कारण सगळ्या गावाचं निंदण एकाच आठवड्यात येतं आणि पावसाने उघडीप दिली नाही तर तो आठवडाही जातो. तणनाशक, फवारणाऱ्याची मजुरी, पंपाचं भाडं सगळं धरून पाच हजारांच्या आत. बाबा आधी थोडे कां-कूं करत होते. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. नऊ हजारांचा फरक हिरव्या रंगात दाखवला होता. तिसऱ्या दिवशी ते उमरेडहून इमॅझेथापायरचा डबा घेऊन आले.

हे औषध सोयाबीनसाठी रीतसर नोंदलेलं आहे, आणि विदर्भात कितीतरी शेतकरी वापरतात. त्याची करामत अशी की सोयाबीनचं झाड ते पचवतं, तण पचवू शकत नाही. झाडाला काही अमिनो आम्लं स्वतः बनवण्यासाठी जे एंझाइम लागतं, ते हे औषध बंद पाडतं. माणसात आणि जनावरात ते एंझाइमच नाही, त्यामुळे हे किडीच्या औषधांसारखं लगेच अंगावर येणारं विष नाही, हे मला मान्य आहे. दुसरी गोष्ट, त्याचा परिणाम सावकाश दिसतो. फवारल्यावर तण लगेच जळत नाही. वाढ थांबते, पण पुढचे काही दिवस ते दिसायला हिरवंगारच राहतं. मग पिवळं पडत पडत पंधरवड्यात मरतं.

ते हिरवे दिवस मी हिशेबात धरले नव्हते.

आमच्या वावरात वर्षानुवर्षं निंदणाला येणाऱ्या बायांमध्ये एक मावशी आहे. नाव लिहीत नाही. माझ्या लहानपणी ती मला कडेवर घेऊन बांधापर्यंत न्यायची. निंदणाच्या दिवसांत संध्याकाळी जाताना ती आमच्या ओट्यापाशी थांबायची, ओच्यातली भाजी दोन भागांत करायची आणि एक जुडी आईच्या पुढ्यात ठेवायची. कुंजर असेल तर कुंजर, कधी चवळाई, कधी केन्याची पानं, भजी करायला. आई तिला कधी चहा द्यायची, कधी नाही. जुडीचे पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता. हे आता लिहिताना लक्षात येतं की त्या व्यवहारात देणारी ती होती आणि घेणारे आम्ही.

फवारणी शनिवारी झाली. मंगळवारी संध्याकाळी मावशी आली. निंदणाला नाही, कारण निंदण आता नव्हतंच. शेजारच्या वावरातून परत जाताना ती आमच्या वावरातून आली होती, नेहमीसारखी. ओच्यात कुंजर होता. दोन भाग केले, एक ठेवला. आई म्हणाली, "ठेव बाई." मावशी गेली. मी वर कॉलवर होतो, म्यूटवर. खिडकीतून पाहिलं, आईने जुडी उचलली, क्षणभर हातात धरली आणि उकिरड्यावर टाकली. मग हात धुतले.

मी खाली गेलो नाही. अर्ध्या तासात कॉल संपला, तेव्हाही गेलो नाही. मावशीचं घर आमच्यापासून चार मिनिटांवर आहे. तिच्या चुलीवर त्या वेळी कुंजर शिजत असणार, हे मला माहीत होतं. आमचा अर्धा भाग उकिरड्यावर आणि तिचा अर्धा भाग कढईत, एकाच वावरातला, एकाच ओच्यातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्यात भेटली. मी धीर करून म्हटलं, "मावशी, त्या भाजीवर फवारा मारला होता. खायला नको होती."

ती थांबली. "तुमी खाल्ली का?"

मी म्हटलं, "हो."

"मंग आमाले काय होते!" म्हणाली आणि हसत पुढे गेली.

का हो म्हणालो? तिने प्रेमाने आणलेली भाजी आम्ही फेकली हे सांगायची लाज वाटली, एवढंच. त्या एका अक्षराने काय झालं ते मला दहा पावलं चालल्यावर कळलं. मी तिला सावध करायला गेलो होतो आणि तिच्या हातात भाजी चांगली असल्याचा दाखला देऊन आलो. मालकाच्या घरी खातात, तर आपल्याला काय होणार, यापेक्षा खात्रीची तपासणी तिच्याकडे नव्हती. पुढचे आठ दिवस ती आमच्याच वावरातली हिरवी पानं खुडत असणार.

काही झालं नाही. तिला नाही, तिच्या नातवालाही नाही. ओळखीच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग विषय संपला. मला तसं वाटत नाही. फांदी मोडूनही कुणाच्या डोक्यात पडली नाही, म्हणून ती अर्धवट कापून ठेवणारा निर्दोष ठरत नाही.

डब्यावरचा कागद मी नंतर उघडून वाचला. आधी वाचला नव्हता, हेही लिहून टाकतो. आपल्याकडे कीडनाशकांच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण; लाल सर्वांत जहाल. घडी उलगडली की कागद चादरीएवढा होतो आणि अक्षरं मुंगीएवढी. त्यात 'प्रतीक्षा कालावधी' दिलेला असतो. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढायचं, तो आकडा. आकडा सोयाबीनचा होता. कुंजराचा असणं शक्यच नव्हतं, कारण कागदाच्या दृष्टीने कुंजर म्हणजे मारायची वस्तू, खायची नव्हे. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हेच करतो. एखाद्या रकान्यात काय काय येऊ शकतं ते आधी ठरवायचं, आणि जे ठरवलं नाही ते जगात नाहीच असं धरून पुढे जायचं. माझ्या एक्सेलमध्ये 'निंदण – खर्च' असा रकाना होता. निंदणातून पाच-सहा घरांना महिनाभर मिळणारी भाजी कुठल्याही रकान्यात नव्हती. ती माझी नव्हती म्हणून खर्चात नाही, कुणी विकत घेत नव्हतं म्हणून उत्पन्नात नाही. जे कुणाचंच नाही ते नष्ट केलं तर कुणाचंही नुकसान होत नाही, असं माझं गणित सांगत होतं, आणि गणितात चूक नव्हती.

त्या हिवाळ्यात मी या प्रश्नावर जे मिळेल ते वाचत गेलो. इंजिनिअरिंगला आम्हाला 'मूल्यशिक्षण' नावाचा विषय होता, त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात रांग लागायची, एवढाच माझा तत्त्वज्ञानाशी संबंध. जॉन लॉक म्हणतो की निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. वाचून मला बरं वाटलं. म्हणजे उपटणारीची भाजी. पण त्याच ठिकाणी तो पुढे असंही म्हणतो की माझ्या नोकराने कापलेलं गवतही माझंच. मावशी रोजाने येत होती. म्हणजे तिचे हात त्या दिवसापुरते आमचे, आणि हातात आलेलं तणही आमचंच. 1689 सालचं पुस्तक आहे, आणि आमच्या गावात कुठल्याही पाटलाला विचारलं तर तो न वाचता हेच सांगेल. फक्त एवढंच की कुठलाही पाटील त्या भाजीवर हक्क सांगत नव्हता. सांगितला असता तर गाव हसलं असतं. कायदा एक सांगत होता आणि रीत दुसरंच, आणि माणसं रीतीने वागत होती.

पीक निघाल्यावर वावरात राहिलेली कणसं-शेंगा गरिबांनी वेचायच्या, याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे: सरवा. जुन्या करारात शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताचे कोपरे कापू नकोस, सांडलेलं उचलू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. रूथची सगळी गोष्ट अशा सरव्यावर उभी आहे. इंग्लंडात ही रीत शतकानुशतकं चालली आणि 1788 मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की असा कुठलाही हक्क कायद्यात नाही. सफोकमधल्या मेरी हॉटन नावाच्या बाईविरुद्ध तो खटला होता. गंमत म्हणजे निकालानंतरही गावोगावच्या बायका बरीच वर्षं वेचत राहिल्या.

आपल्याकडे तर वेचून खाण्याला फार मोठा मान आहे. उञ्छवृत्ती. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधात अर्ध्या सोन्याचं मुंगूस येतं आणि सांगतं की या यज्ञापेक्षा कुरुक्षेत्रात दाणे वेचून जगणाऱ्या ब्राह्मणाचं शेरभर पीठ मोठं होतं. वैशेषिक दर्शन मांडणाऱ्या कणादाच्या नावाचा अर्थच कण खाणारा असा लावतात. मनुस्मृतीत उपजीविकांची उतरंड आहे. वेचून जगणं सर्वांत वर, त्याला 'ऋत' म्हटलंय. शेती बरीच खाली, आणि नोकरी सर्वांत शेवटी, तिला कुत्र्याची वृत्ती म्हटलंय. मिहानच्या कॅन्टीनमध्ये हे मी वाचून दाखवलं तेव्हा चांगलीच करमणूक झाली. पण ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे मनूचं नाव घेतलं की पुढचा प्रश्नही विचारावा लागतो. ब्राह्मणाने दाणे वेचले तर ते तप आणि त्याची गोष्ट यज्ञात सांगितली जाते. भूमिहीन बाईने वेचले तर ती गरज, आणि कधी कधी चोरी. कृती एकच आहे. तिला कुठलं नाव मिळणार हे वाकणारा कोण यावर ठरतं. मला तर वाटतं, तण आणि भाजी यातला फरकही असाच काहीसा आहे.

आपण जे खात नाही ते मजुराला चालतं, ही सवय जुनी आहे, आणि तिचा एक भयंकर दाखला लाखोळीचा आहे. हिंदीत तिला खेसारी म्हणतात. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाऊन कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. 1961 मध्ये केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. पूर्व विदर्भात मात्र लोक तिची डाळ आणि पाला इतर अन्नासोबत खात आले, आणि बंदीविरुद्ध नागपुरातूनच मोठी चळवळ झाली. म्हणजे दोष झाडात होता, त्याहून अधिक तेवढंच खायला लावणाऱ्या मजुरीत होता. हे वाचताना मला उकिरड्यावरची जुडी आठवत होती. आम्ही कुणाला काही खायला लावलं नव्हतं. फक्त आपलं ताट बाजूला केलं आणि तिच्या ताटाबद्दल बोललो नाही.

इथे मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे शहरात राहून गावाबद्दल उसासे टाकणाऱ्यांचं लिखाण होईल. निंदण हे वाईट काम आहे. दिवसभर चिखलात कमरेत वाकून किंवा उकिडवं बसून सरकायचं, वर पाऊस किंवा त्याहून वाईट पावसाळी ऊन, पायाखाली विंचू-सापाची भीती. आणि ते बहुतेक सगळं बायाच करतात. पुरुष फवारतात, बाया निंदतात. मावशीला मी एकदा विचारलं की निंदण गेल्याचं तुला काय वाटतं. मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, "कंबर वाचली बाबू." मग थोड्या वेळाने म्हणाली, "रोजी बी गेली." भाजीचा उल्लेख तिने केला नाही, मीच केला. "थे तं गेलीच," म्हणाली, जणू इतकी उघड गोष्ट काय सांगायची.

फवारणं हेही काही निवांत काम नाही. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीडनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बायांची कंबर वाचली ती पुरुषांच्या फुप्फुसांच्या मोबदल्यात, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण अगदी खोटंही नाही.

कपाशीत तर प्रश्न आणखी पुढे गेला आहे. तणनाशक सोसणारं बीटी बियाणं भारतात मंजूर नाही, पण विदर्भात ते लपूनछपून पेरलं जातं. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांचा युक्तिवाद, निंदणाचा खर्च परवडत नाही, मी चेष्टेवारी नेऊ शकत नाही. माझ्या एक्सेलमध्येही तोच होता. या बियाण्यावर ग्लायफोसेट मारलं की कपाशी सोडून बाकी सगळं मरतं. सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. अमेरिकेत जॉर्जियामध्ये असंच कापसाचं वाण आणि असंच ग्लायफोसेट वर्षानुवर्षं वापरल्यावर दोन तणं डोक्यावर बसली. एक आपला केना, जो मुळात तिथला नाहीच आणि ज्याला ग्लायफोसेट फारसं लागत नाही. दुसरं माठाच्या कुळातलं, आपल्या चवळाईचं चुलत भावंड, जे ते औषध पचवायला शिकलं. कोट्यवधी डॉलर खर्चून तिथले शेतकरी ज्यांच्याशी झुंजताहेत, त्यातल्या एकाची आमच्याकडे भजी करतात. हे त्यांना सांगून उपयोग नाही, एवढ्या केन्याची भजी कुणाला खाता येतील?

आमच्या संस्कृतीने या न पेरलेल्या भाज्यांसाठी एक दिवस राखून ठेवला आहे, ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेल्या जागेत उगवलेलं खायचं. ऋषीच्या भाजीत काय काय पडतं ते घराघरावर आहे. व्रतामागचं कारण सांगतात ते मला पटत नाही, बाईच्या विटाळाशी त्याचा संबंध जोडतात. पण नियम मात्र विलक्षण आहे. वर्षातून एकदा ताटाकडे बघून विचारायचं, यात कुणाचे कष्ट आहेत? बैलाचे कष्ट वगळले. वाकून खुडणारीचे कष्ट वगळायचं मात्र त्या नियमाला सुचलं नाही. आता बैलही जवळपास गेले, ट्रॅक्टर चालतो का यावर आमच्याकडे दरवर्षी आई आणि आत्या यांची चर्चा होते आणि निर्णय लागत नाही. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी नागपूरच्या बाजारात या भाज्यांचे भाव चढतात. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो, तिथे टेबलावर पाट्या लावून तरोटा, कुंजर ठेवलेले असतात, शेजारी गुणधर्म लिहिलेले असतात. मी गेलो होतो. चांगला असतो. तिथून वीस रुपयांची तरोट्याची जुडी विकत घेतली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी तरोट्याला पैसे मोजत होतो. घरी येऊन आईला दिली. तिने उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "फवारलेली तर नाही ना?"

2022 च्या पावसाळ्यात मी मावशीला खरं सांगितलं. ती ओट्यावर बसली होती, आई आत होती. म्हटलं, मागच्या वर्षीची ती भाजी आम्ही खाल्ली नव्हती, मी खोटं बोललो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फेकली म्हना ना."

"हो. फेकली."

"तुह्या आईनं?"

मी मान हलवली. तिने आत बघितलं, पदर सारखा केला आणि उठली. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तवाच सांगतलं असतं तं पोराले खाऊ घातली नसती." पोरगा म्हणजे नातू. त्या दिवसापासून ती आमच्याकडे येते-जाते, बोलते, माझ्या लग्नाची चौकशी करते. जुडी मात्र आणत नाही.

2023 ला मी बाबांना म्हणून विहिरीकडची चार तासं बिनफवारणीची ठेवली. मला वाटलं, हा साधा उपाय आहे. तिथे निंदणही नाही, फवाराही नाही, जे उगवेल ते ज्याला हवं त्याने न्यावं. जुलैत तिथे गुडघाभर कुंजर झाला, चवळाई झाली, बांधाच्या कडेला केना पसरला. मावशीला मुद्दाम सांगून आलो. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला, ती फिरकली नाही. कुंजराला तुरे आले.

शेवटी विचारलं. ती म्हणाली, "थे तुमी ठेवली न बाबू? मंग तुमची भाजी झाली थे. तुमच्या आईले इचारून खुडा लागन."

मी म्हटलं, विचारायची गरज नाही, तुझ्यासाठीच ठेवली आहे.

"थेच तं," म्हणाली.

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धवट कळलं. आधी ती आमच्या वावरातून आमच्याच घरी भाजी घेऊन यायची, आणि ती तिची असायची. तिने दिलेली. आता चार तासं भरून भाजी होती आणि ती माझ्या चांगुलपणाची होती. जुन्या करारातला शेतकरी शेताचे कोपरे सोडतो ते त्याला आज्ञा आहे म्हणून, त्यामुळे वेचणाऱ्याला त्याचे आभार मानावे लागत नाहीत. मला कुणी आज्ञा केलेली नव्हती. मी मालक होतो आणि मी ठेवली होती, हे तिच्या दृष्टीने त्या कुंजराला चिकटलेलंच होतं, फवाऱ्यासारखं. हे धुवून कसं काढायचं ते मला माहीत नाही. कदाचित ती फक्त माझ्या आईला टाळत असेल, तेही शक्य आहे.

गेल्या वर्षी त्या तासांमधून दुसऱ्याच दोन बाया भाजी नेताना दिसल्या. आमच्याकडे कधी कामाला न आलेल्या, रस्त्याने जाणाऱ्या. विचारलं नाही, वाकल्या आणि ओच्यात घेतली. मी विहिरीवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

बाबांचं म्हणणं आहे की यंदा तीही तासं फवारून टाकावीत. त्या चार तासांतलं बी सगळ्या वावरात जातं, चवळाईचं एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, एका वर्षाचं बी सात वर्षं निंदावं लागतं. त्यांचं बरोबर आहे, मी आकडे काढून बघितले. जूनपर्यंत सांगतो म्हटलं आहे.